काट्यावरचं पाव किलो

दादा काट्यावर चढला तेव्हा वहिनीने मान फिरवली. २०२४च्या जानेवारीतली सकाळ होती. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात आम्ही रांगेत होतो. एक परिचारिका प्रत्येकाला काट्यावर उभं करून केसपेपरवर आकडा टाकत होती. दादाचा आकडा ५० आला. ‘स्वेटर धरून,’ ती म्हणाली आणि तिने पुढच्याला हाक मारली.

हाच माणूस आधीच्या जूनमध्ये ६१ किलोचा होता. हा आकडा आम्हाला ठाऊक होता तो केवळ योगायोगाने. कराडला खताच्या दुकानात गेला असताना तो गमतीने पोत्यांच्या काट्यावर उभा राहिला होता. एस. टी.च्या वर्कशॉपमध्ये आयुष्य घालवलेला, पाने-हातोडे चालवून दंड कमावलेला माणूस. ‘अजून पोत्याच्या वर आहे मी,’ असं त्याने घरी येऊन सांगितलं होतं. त्यानंतर भाकरी गिळताना अडकायला लागली. मग भात अडकायला लागला. गावाकडे तीन दवाखाने झाले, पित्ताच्या गोळ्या झाल्या, काढे झाले. पँटला दोरी बांधायची वेळ आली तरी वजन करावं असं कुणाला सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही नाही. ‘जरा उतरलाय,’ एवढंच जो तो म्हणायचा. डिसेंबरात एंडोस्कोपी झाली आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी केसपेपर पाहिला, दादाच्या दंडाला दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाले, ‘रेडिएशन आणि केमो बरोबरच द्यायची आहे. पाच आठवडे. पण काटा असाच घसरत राहिला तर मला उपचार मध्येच थांबवावे लागतील. औषधाचं मी बघतो. काटा तुम्ही थांबवा.’

मी बँकेत तीस वर्षं नोकरी केली. आकडे जुळवणं हा माझा धंदा. पण हा ताळेबंद कसा जुळवायचा ते मला कुणी शिकवलं नव्हतं. पुढच्या दीड वर्षात जे शिकले, ते त्या रांगेतल्या इतरांना कळावं म्हणून हे लिहिते आहे.

•••

कॅन्सरमध्ये माणूस खंगतो हे आपण इतक्या वेळा पाहिलेलं असतं, की ते दुखण्याचाच भाग मानून सोडून देतो. वैद्यकशास्त्रात या खंगण्याला ‘कॅकेक्सिया’ असं नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे ‘वाईट अवस्था’. २०११ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून त्याची व्याख्या ठरवली. उपाशी राहण्याचा बेत नसताना सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक उतरलं, तर ती धोक्याची खूण. ६१ किलोच्या माणसाला पाच टक्के म्हणजे जेमतेम तीन किलो. दादाचे ते तीन किलो गणपतीच्या आधीच गेले असणार. जानेवारीत हिशोब केला तेव्हा उतरण अठरा टक्क्यांची होती.

हे नुसतं दिसण्याचं दुखणं नाही. अमेरिकेत १९८०मध्ये तीन हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. केमोथेरपी सुरू होण्यापूर्वी ज्यांचं वजन उतरलेलं होतं, ते बहुतेक प्रकारच्या कॅन्सरमध्ये इतरांपेक्षा कमी काळ जगले, असं त्यातून दिसलं. अशक्त शरीराला औषध सोसत नाही, मात्रा कमी करावी लागते, तारखा पुढे जातात.

मग भरपूर खायला घातलं की झालं, असं वाटेल. तसं नाही. नुसत्या उपासमारीत शरीर शहाणपणाने वागतं. साठवलेली चरबी आधी जाळतं आणि स्नायू होता होईल तो राखून ठेवतं. कॅन्सरमध्ये मात्र शरीरात एक मंद दाह पेटलेला असतो. त्यातून सुटणारी द्रव्यं भूक मारतात आणि स्नायूही वितळवतात. अशाच एका द्रव्याला १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी ‘कॅकेक्टिन’ हे नाव दिलं होतं. म्हणून केवळ अन्नाने हे खंगणं पुरतं उलटवता येत नाही. पण प्रत्येक रुग्णात दोन गोष्टी एकत्र असतात. एक हा दाह, आणि दुसरी साधी उपासमार. तोंड आलेलं असतं, मळमळ असते, नळी आवळलेली असते, वास सहन होत नाही. यातली दुसरी गोष्ट आपल्या हातात असते. दादाच्या अकरा किलोंपैकी किती दाहाने नेले आणि किती त्या आवळलेल्या नळीने, हे कुणी सांगू शकलं नसतं. पण जे स्वयंपाकघरातून परत आणता येण्यासारखं होतं, ते आणायलाच हवं होतं.

•••

पहिल्या दिवशी आम्ही सगळे करतात तेच केलं. औषधाच्या दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा आणला. चारशे ग्रॅम, आठशे रुपये. दिवसातून तीन पेले द्यायचे तर अडीच दिवसांत तळ दिसे. दादाची पेन्शन किती, ते मला ठाऊक होतं. वहिनी चमचा डब्याच्या काठावर घासून सपाट करून घ्यायची आणि तिसरा पेला पातळ व्हायचा. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

रुग्णालयात एक आहारतज्ज्ञ मुलगी होती. माझ्या भाचीच्या वयाची. तिला मी डब्याचं विचारलं. ती म्हणाली, ‘मावशी, डबा वाईट नाही. त्यात जीवनसत्त्वं मोजून घातलेली असतात, नळीतून द्यायला सोपा पडतो, प्रवासात बरा. पण डब्यात जे आहे, त्यातलं बरंचसं दूध, साखर, तेल आणि पीठच आहे. तुम्ही डबा पातळ करून देणार असाल, तर तो न दिलेला बरा.’

मग तिने एका कागदावर हिशोब मांडला. युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने कॅन्सरच्या रुग्णांसाठी जे प्रमाण सांगितलं आहे, ते असं : वजनाच्या दर किलोमागे रोज २५ ते ३० कॅलरी, आणि प्रथिनं किलोमागे १ ग्रॅमपेक्षा जास्त, जमल्यास दीड ग्रॅमपर्यंत. म्हणजे ५० किलोच्या दादाला रोज १५०० कॅलरी आणि ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. त्या वेळी तो जे घेत होता, ते आम्ही आठवून आठवून तिला सांगितलं. चहा, पेज, मोसंबीचा रस, नारळपाणी, डाळीचं वरचं पाणी. तिने बेरीज केली. सहाशे कॅलरीही होत नव्हत्या आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. आजारी माणसाला ‘हलकं’ द्यायचं, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. आम्ही त्याला प्रेमाने उपाशी मारत होतो.

•••

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने कुपोषित मुलांसाठी फार पूर्वी एक मिश्रण तयार केलं. त्याला ‘हैदराबाद मिक्स’च म्हणतात. भाजलेले गहू ४० ग्रॅम, हरभऱ्याचं डाळं १६ ग्रॅम, भाजलेले शेंगदाणे १० ग्रॅम आणि गूळ २० ग्रॅम. सगळं दळून एकत्र केलं की ३३० कॅलरी आणि सुमारे ११ ग्रॅम प्रथिनं. यात असं काय आहे, जे कराडच्या कुठल्याही वाण्याकडे मिळत नाही? वहिनीने कागद वाचला आणि म्हणाली, ‘वन्सं, हे तर आमच्या सातूच्या पिठासारखंच झालं की!’ त्या दिवशी प्रथमच तिच्या आवाजात जोर आला. औषधाच्या दुकानातलं तिला काही कळत नव्हतं. हे कळत होतं.

अडचण पुढेच होती. दादाला फक्त पातळ जात होतं, आणि पीठ शिजवलं की दाट होतं. पातळ करावं तर पाणीच पोटात जाणार. यावरची युक्तीही जुनीच निघाली. गहू किंवा नाचणी भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, हलके शेकून दळायचे. मोडांमध्ये पिष्ट तोडणारं एक विकर असतं. शिजवलेली दाट खीर खाली उतरवून किंचित निवू द्यायची आणि त्यात या पिठाचा एक चमचा घालून ढवळायचं. चमचा उभा राहील अशी खीर बघता बघता ताकासारखी ओघळू लागते. पोटात जाणारं सत्त्व तेवढंच, पण गिळायला पातळ. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८०च्या दशकात लहान मुलांच्या आहारासाठी यावर बरंच काम केलं होतं. मात्र ते मोडाचं पीठ जास्त भाजायचं नाही किंवा खिरीबरोबर उकळायचं नाही, नाहीतर त्यातलं विकर मरतं. पहिल्या दिवशी आम्ही ते उकळलं आणि खीर तशीच घट्ट राहिली. दुसऱ्या दिवशी जमलं.

मग रोजचं ठरलं. म्हशीचं दूध अर्धा लिटर : साधारण ५४० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. वरचं मिश्रण : ३३० आणि ११. साय काढलेल्या दुधाची पावडर ३० ग्रॅम, दुधातच ढवळून : १०५ आणि ११. मूठभर तांदूळ आणि मूगडाळ गुरगुटी शिजवून, घुसळून, मेतकूट घालून : २४० आणि १०. त्यात आणि खिरीत मिळून चार चमचे तूप किंवा तेल : १८०. दोन अंडी : १४० आणि १२. बेरीज १५३५ कॅलरी, ६४ ग्रॅम प्रथिनं. आमच्या डोंबिवलीच्या बाजारभावाने दिवसाचा खर्च शंभर रुपयांच्या आत बसला. डब्याचे तीन पेले रोजचे तीनशेवर जात होते, आणि त्यातून मिळत होत्या याच्या निम्म्या कॅलरी.

अंड्यांपाशी मात्र घोडं अडलं. वहिनी माळकरी. तिच्या घरात अंडं कधी आलेलं नाही. दादाने माळ घातलेली नव्हती, पण बायकोच्या स्वयंपाकघराचा मान त्याने चाळीस वर्षं राखला होता. ‘तुमच्या घरात तुम्ही करा वन्सं, मी नको म्हणणार नाही,’ ती म्हणाली. मी वेगळं पातेलं ठेवलं. अंडं फेटून दुधात घालून, पूर्ण शिजवून पातळ कस्टर्ड करायची. केमो चालू असताना पांढऱ्या पेशी कमी होतात, म्हणून कच्चं-अर्धकच्चं काही द्यायचं नाही, अशी ताकीद होती. ज्यांना अंडं चालतच नाही, त्यांनी दुधाची पावडर आणखी ३५ ग्रॅम वाढवावी, दोन अंड्यांची प्रथिनं भरून निघतात. एके दिवशी गाड्या खोळंबल्या आणि मला यायला दोन तास उशीर झाला. धावतपळत घरी आले, तर ते वेगळं पातेलं घासून पालथं घातलेलं. दादा झोपला होता. वहिनी माळ हातात घेऊन देवापुढे बसली होती. आम्ही त्या विषयावर तेव्हाही बोललो नाही आणि नंतरही नाही.

काही पथ्यं इथे सांगितलीच पाहिजेत. घरचं पातळ अन्न दर वेळी ताजं करावं, तासन्‌तास बाहेर ठेवू नये, भांडी उकळून घ्यावीत. मधुमेह असेल तर गुळाचं, मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. आणि ज्याच्या पोटात आठ-दहा दिवस काहीच गेलेलं नाही, त्याला एकदम भरपूर कधीही देऊ नये. रक्तातले क्षार अचानक ढासळून जिवावर बेततं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. अशा रुग्णाची सुरुवात रुग्णालयातच, थोड्या थोड्या मात्रेने व्हायला हवी.

•••

हिशोब कागदावर जुळला. माणूस कागदावर नसतो. दादाला अन्नाचा वास नको व्हायचा. दुधाला पत्र्याची चव येते म्हणायचा. मी घड्याळ लावून दर दोन तासांनी पेला घेऊन उभी राहायची आणि तो तोंड फिरवायचा. ‘अगं, मी काय लहान आहे?’ एकदा त्याने पेला हाताने ढकलला आणि सगळी खीर चादरीवर सांडली. मला रडू आलं. मला सांडलेल्या कॅलरी दिसत होत्या आणि त्याला त्याच्यावर पहारा करणारी बहीण.

त्या आहारतज्ज्ञ मुलीने सुचवलं ते सोपं होतं. पेला भरून द्यायचा नाही, वाटी द्यायची. गरम नको, गार द्या, गार अन्नाला वास कमी येतो. स्टीलऐवजी काचेचं भांडं वापरा. सकाळी भूक बरी असते, तेव्हा जास्त द्या. आणि समोर उभं राहू नका, बरोबर बसून तुम्हीही काहीतरी खा. रेडिएशनच्या तिसऱ्या आठवड्यात गिळणं अगदीच बंद झालं, तेव्हा नाकातून नळी घालावी लागली. दादाला ती शरमेची वाटत होती, मला सुटकेची. निदान जेवणावरून भांडण उरलं नाही. रोज थोडं चालायचंही ठरलं होतं, कारण वापरला नाही तर स्नायू अन्न देऊनही भरत नाही. नळीसकट तो जिन्यातून खाली जाऊन यायचा.

याच काळात येणारे-जाणारे सल्ले द्यायचे. ‘साखर बंद करा, कॅन्सरला साखर लागते.’ ‘दूध तोडा.’ ‘नुसत्या रसांवर ठेवा, गाठ उपाशी मरते.’ सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण माणसाला उपाशी ठेवून गाठ उपाशी मरते, याला पुरावा नाही. गाठ आपला घास त्याच्या स्नायूंतून काढून घेते. आधी मरतो तो माणूस.

पाच आठवडे संपले तेव्हा काटा ४९ आणि पाववर होता. घसरण थांबली होती, उपचार एकही दिवस चुकला नव्हता. एप्रिलमध्ये ५० आणि पाव भरलं. त्या पाव किलोचा आनंद मला कुणाला समजावून सांगता येणार नाही. वहिनीने बाहेरच्या रखवालदाराला पेढा दिला. त्याने विचारलं, ‘काय, मुलगा झाला का नातू?’

•••

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपासचे पदपथ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना माझं म्हणणं कळेल. १९४१ साली सुरू झालेल्या त्या रुग्णालयाकडे सगळ्या देशातून माणसं येतात. आमच्यासारखं डोंबिवलीत घर सगळ्यांना नसतं. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना आधार देते. काही संस्था वर्षानुवर्षं अन्न देत आल्या आहेत. २०१३मध्ये सुरू झालेली कडल्स फाउंडेशन ही संस्था कॅन्सरग्रस्त मुलांच्या आहाराचंच काम करते. हे सगळं मोठं काम आहे. पण जो पदपथावर स्टोव्ह पेटवतो, त्याला दर दोन तासांनी ताजी खीर कशी जमावी?

सरकार उपचारांचा खर्च उचलतं. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होतं. ताटाचा खर्च मात्र घरचा. क्षयरोगाच्या बाबतीत आपण हे ओळखलं. २०१८पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये मिळू लागले आणि २०२४च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. उपाशी शरीरावर औषध चालत नाही, हे क्षयाला लागू पडतं तसं कॅन्सरलाही पडतं. लाखो रुपयांचा उपचार महिन्याच्या तीन हजारांच्या अन्नावाचून अर्धवट राहत असेल, तर ही काटकसर नव्हे. हे बँकेतल्या कारकुनालाही कळतं.

•••

२०२५च्या सुरुवातीला दुखणं यकृतात उमटलं. दादाची भूक पुन्हा गेली. या वेळी डॉक्टरांनी रात्री घ्यायची एक लहानशी गोळी लिहून दिली. ओलॅन्झापिन, अडीच मिलिग्रॅम. मूळची ती मानसिक विकारांवरची, जुनी आणि स्वस्त. पुदुच्चेरीच्या जिपमेर या सरकारी संस्थेतल्या डॉक्टरांनी १२४ रुग्णांवर तिचा अभ्यास केला आणि तो २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. केमोबरोबर ही गोळी घेणाऱ्यांपैकी ६० टक्के रुग्णांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वाढलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संस्थेने तिची शिफारस केली. गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच घ्यायची. दादाला तिने सकाळी सुस्ती यायची. पण मार्चमध्ये त्याने आपण होऊन पिठलं मागितलं. दोन किलो वाढला.

मेमध्ये ते दोन्ही गेले. जूनमध्ये मी पुन्हा वही-पेन घेऊन डॉक्टरांसमोर बसले आणि कॅलरी विचारू लागले. त्यांनी माझी वही हलकेच मिटली. ‘आता आग्रह करू नका. शरीराला ते घेता येत नाही, दिलं तर त्रासच होईल. मागतील तेवढं द्या. ओठ ओले ठेवा. जवळ बसा.’ ज्या हिशोबाने दीड वर्ष धीर दिला, तो सोडून देणं मला सगळ्यात जड गेलं. शेवटचे दिवस वहिनी चमच्याने बर्फाचं पाणी द्यायची आणि दादा डोळ्यांनीच ‘पुरे’ म्हणायचा. जुलैत तो गेला.

मिळालेलं दीड वर्ष अन्नाने मिळालं की औषधाने, हे मला ठाऊक नाही. पण उपचार पूर्ण झाले, आणि त्या काळात तो एकदा कराडला जाऊन नातवाच्या मुंजीत पंगतीला बसला. घुसळलेला भात खाल्ला, पण पंगतीत बसून खाल्ला.

वहिनी आता कराडला असते. आळीतल्या एका बाईंना मध्यंतरी हेच दुखणं निघालं, तेव्हा तिने डाळं, दाणे आणि गहू भाजून पिठाचा डबा त्यांच्या घरी पोहोचवला. बरोबर माझ्या वहीतल्या त्या पानाची नक्कल होती. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदं आणि नारळ नेतो. त्याऐवजी अर्धा किलो दाणे, दुधाची पावडर किंवा आठवड्याच्या दुधाचे पैसे न्यावेत, असं मी आता सगळ्यांना सांगते. आणि घरात कुणी ‘जरा उतरलंय’ असं वाटलं, तर आधी त्याला काट्यावर उभं करा. कुठलाही काटा चालेल, खताच्या दुकानातलासुद्धा. आकडा वहीत लिहा आणि शेजारी तारीख टाका.